तुझे टाके उसवताना

जानेफळ
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

चि. महामाया,
सप्रेम जयभीम, आणि तुझ्या आत्याचे पोटभर आशीर्वाद.

परवाच तर फोनवर बोललो, मग आत्या पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोनवर तू म्हणतेस, बरी आहे. मी म्हणते, मीही बरी. मग पाऊस किती झाला इथवर येऊन आपण दोघी थांबतो. अक्षराला हसू नकोस. कॉन्व्हेंटमध्ये हस्ताक्षराचं बक्षीस घेतलेला हात आहे हा, पण आता पेन बोटांत राहत नाही, मुठीत धरावं लागतं.

तुझी आई ठीक आहे. नको म्हटलं तरी मुगाच्या शेंगा तोडायला जाते. दुपारी माझ्यासाठी भाकरी आणते, दिवसभराच्या दहा सुया ओवून मशीनवरच्या छोट्या गादीला टोचून ठेवते आणि म्हणते, "कॉन्व्हेंटात तू शिकली, अन् सुईत दोरा म्या ओवा." आम्ही हसतो. हसून झालं की एखाद्या दिवशी विचारते, "माही पोर पुन्याले काऊन गेली वं बाई? काम तं इथंही होतं." मी मशीनवर वाकते. मशीनचा आवाज मोठा आहे, ते एक बरं आहे.

सध्याचे दिवस तुला ठाऊकच आहेत. लग्नसराईचे ब्लाऊज झाले, शाळा उघडल्या, की दसऱ्यापर्यंत दुकानात माशा. आश्विन पौर्णिमेच्या पांढऱ्या ब्लाऊजांची कापडं आत्ता कुठे येऊ लागलीत. मधले दोन महिने फक्त वाढवायची कामं, थोरलीचा फ्रॉक धाकटीला. खालची दुमड उसवायची, दोन इंच सोडायचं, पुन्हा शिवायचं. या पावसाळ्यात असे चाळीसेक फ्रॉक आले. बहुतेक तू शिवलेले.

मला ते उसवत नाहीत, महामाया. एकेका दुमडीला अर्धी दुपार जाते. टाके असे बारीक आणि घट्ट, की उसवणीचं टोक आत शिरत नाही. काल अंगठा सुजला तेव्हा फ्रॉक बाजूला ठेवला आणि रडले. तुझ्या आईला सांगितलं, बोटं दुखतात.

लहानपणी तू या मशीनखाली बसून चिंध्या गोळा करायचीस. इंद्रभानदादा गेला तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. वहिनी मजुरीला गेली की तू माझ्याकडे. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला शिकवलं ते सगळं मी तुला शिकवलं. त्या मल्याळी होत्या. त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणायच्या, "चुकीचा टाका लपवायचा नाही. काढायचा." तुला ते त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायचे आणि तू खळखळून हसायचीस.

आता काढते.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये शाळेच्या पुष्पांजली मॅडम दुकानात आल्या होत्या. तू आत काजं करत होतीस. त्या हळूच म्हणाल्या, "ताई, तुमचे हात थकले. या वर्षीपासून गणवेशाचं काम महामायाच्या नावावर देऊ का?" मी म्हणाले, "हात अजून कच्चा आहे तिचा. दोन-तीन वर्षं जाऊ द्या."

तेव्हा दहातले सात गणवेश तू शिवत होतीस. काजं सगळीच तुझी.

मी असं का म्हणाले, ते सांगते. माफी मिळावी म्हणून नव्हे. संधिवाताच्या गोळ्या मला आठवड्यातून एकदा, रविवारी घ्यायच्या असतात. गणवेशाचे पैसे आषाढात संपले की मी एक रविवार सोडून गोळी घ्यायचे. डॉक्टरांनी अकोल्याला दोनदा झापलं होतं. मग दसऱ्यापर्यंत बोटं आखडायची, आणि पुढच्या हंगामात तुझी गरज आणखी वाढायची. ते काम तुझ्या नावावर गेलं तर मी तुझ्याच दुकानातली मजूर होईन, आणि पावसाळ्यात मला कोण विचारणार, अशी भीती वाटली. तू विचारलं असतंस. ते मला तेव्हाही माहीत होतं.

पण याहून वाईट पुढं आहे. जूनमध्ये तू स्वतः मॅडमकडे काम मागायला गेलीस आणि पडक्या चेहऱ्यानं परत आलीस. मला विचारलंस, "आत्या, माह्या शिवणात काय चुकते वं?" आणि मी म्हणाले, "मोठ्या लोकांचं काय सांगावं, बाळा." दिवाळीआधी तू पुण्याच्या गारमेंट कंपनीत गेलीस. आता दिवसभर उभी राहून नुसत्या कॉलरी लावतेस. जाताना माझ्या पाया पडलीस.

गेल्या गुरुवारी मी शाळेत जाऊन आले. मॅडमना सगळं सांगितलं, तुझे दोन फ्रॉक टेबलावर ठेवले. त्यांनी दुमड उलटून पाहिली. म्हणाल्या, "मी तुमच्या शब्दावर गेले, ताई." यंदा त्यांनी बाहेरून तयार गणवेश आणलेत. पुढच्या वर्षीचं जानेवारीत ठरेल. तू स्वतः येऊन एक जोड शिवून दाखव, असा निरोप आहे. शब्द दिलेला नाही, हे नीट वाच.

ये, असं मी म्हणत नाही. आलीस तर दुकान, मशीन आणि गिऱ्हाइकांची मापवही तुझी. नाही आलीस तरी मशीन तुझंच आहे, नेण्याची व्यवस्था करीन. माझ्या गोळ्यांची काळजी करू नकोस. यंदा लग्नसराईतच चार महिन्यांच्या गोळ्या घेऊन तुझ्या आईच्या डब्यात ठेवल्या. माझ्या हाताशी असल्या तर मी त्या पुरवत बसते. दर रविवारी तीच आणून देते.

तिला अजून काही सांगितलेलं नाही. पाकीट चिकटवण्याआधी हे सगळं तिला वाचून दाखवणार आहे.

रविवार, १४ सप्टेंबर

गुरुवारी वाचून दाखवलं. वहिनी शेवटपर्यंत ऐकत बसली. मग एवढंच म्हणाली, "म्या तं पोरीलेच बोल लावला वं, आत्याले सोडून गेली म्हून." आणि पदर सावरत उठून गेली. शुक्रवारी भाकरी आली नाही. शनिवारीही नाही.

आज सकाळी आली. गोळ्या आणि पाण्याचा तांब्या मशीनवर ठेवला. मी गिळेपर्यंत उभी राहिली, मग तांब्या घेऊन गेली. सुया ओवल्या नाहीत.

पाकीट आत्ता चिकटवते.

तुझ्या हाताला कच्चा म्हणालेली,
तुझी आत्या
धम्मशीला