टीव्ही-गेम, स्टॅबिलायझर आणि राणेकाकू

१२ जाने. ८६, रवि.
मरोळच्या गाळ्यात टीव्ही-गेमच्या पेट्या छताला टेकल्यात, गिऱ्हाईक नाही. दादा सकाळपासून भडकलेला. "नंदे, बास झालं. स्टॅबिलायझर बनवू. या पेट्या मोडून पार्ट काढू." ऑर्डर देणारा भेटलाय, त्याला अख्खा गाळा स्टॅबि.साठीच हवा. महिनाअखेर हो-नाही कळवायचंय. असेल दादाचं बरोबर. पण हा खेळ मी जोडलाय यार, माझ्या हातांनी! लोकांना का नको, एवढं तरी कळू दे.

१५ जाने.
आमच्या दहिसरच्या बिल्डिंगमध्ये विचारत फिरले. सगळ्यांचं एकच, पिक्चर ट्यूब जाईल. तळमजल्यावरचे आजोबा खेकसले, "बातम्यांच्या वेळी कसली टकटक लावलीयस?"

२१ जाने., मंगळ.
वहिनीचं हळदीकुंकू. गंमत म्हणून पेटी टीव्हीला जोडून ठेवली. वाण घेऊन निघायच्या त्या बायका बसल्याच! राणेकाकू साठीच्या, चेंडू सुटला की ओरडतात, "मेल्या, खंय पळतंस!" दुपारचे चार. टीव्हीवर तेव्हा काही नसतंच. आणि आम्ही डेमो द्यायला जायचो संध्याकाळी, लोकांच्या बातम्या अडवून. अगं बाई, एवढं साधं सुचू नये?

२२ जाने.
दादाला सांगितलं. हसला मेला. "खेळतील गं बायका. विकत नवरेच घेणार ना?"
मुद्दा आहे. राग आला तरी आहे.

२५ जाने.
राणेकाकूंनाच विचारलं. "इकत कित्याक? भिशी लावया." बिल्डिंगमध्ये मिक्सर असेच आले म्हणे. सगळ्यांनी थोडे थोडे टाकायचे, दर महिन्याला जिची चिठ्ठी निघेल तिला मिक्सर. नवऱ्याला विचारायची भानगडच नाही. झकास! पण म्हणजे आमच्या पेट्या महिन्याला एक अशा जाणार. दादा काय म्हणेल... इतर बिल्डिंगमध्येही भिश्या असतील ना? किती असतील?

३० जाने.
बारा जणी तयार. अट एकच, भिशी संपेपर्यंत पेटी बिघडली तर आम्हीच दुरुस्त करायची. राणेकाकू म्हणाल्या, "गाळो बंद करून पळशात. तुझो दादा शब्द देता काय?"

संध्याकाळी दादाला सगळं सांगितलं. स्क्रू-ड्रायव्हर बोटांत फिरवत ऐकत बसला. हसला नाही या वेळी. उद्या स्टॅबि.वाल्याला कळवायचंय.

"बायकांना काय सांगू रे?"

"तू काय सांगून आलीस?"

हो म्हणून आलेय मी.