झाकण उघडायचं नाही

ता. ५

चि. सौ. चिमणीस, आजीचे ओंजळभर आशीर्वाद.

मी दोन इयत्ता शिकलेली, अक्षर कोंबडीच्या पायांसारखं. विषयही तोच आहे, तर चालवून घे. तुझं अंडी उबवायचं खोकं शिवणयंत्राशेजारी मांडलं. बाराही अंडी धडधाकट पोचली, दोन तारखेला आत ठेवली. तुझी तांबडी कोंबडी कुत्र्याने मारली हे वाचून जीव हळहळला. तिची ही शेवटची अंडी, म्हणून डोळ्यात तेल घालून बसले आहे. खोक्यातली ओल दाखवणारा काटा मात्र डोकं फिरवतो. परातीत पाणी ठेवलं तर पासष्ट, काढलं तर पंचवीस. शेजारीण म्हणते भरपूर ओल दे, पिलं गुटगुटीत होतात. तिची स्वतःची पोरं काडीसारखी, ते जाऊ दे.

जिन्यावरून पडून मोडलेला हात कसा आहे? आणि घर सोडून तू मैत्रिणीकडे का? जावईबापू किती मऊ बोलतात. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

ता. १०

ती. आजीस, चिमणीचा सा. न.

डाव्या हाताने लिहिते आहे. शेजारणीचं ऐकू नकोस. अंड्यातली ओल थोडी थोडी उडावी लागते, नाहीतर पिलू आतच बुडतं. काटा चाळीस-पन्नासमध्ये राहू दे. परात नको, लहान वाटी ठेव. पाणी किती खोल याने नाही, किती पसरट याने काटा हलतो.

वीस तारखेपासून मात्र सत्तर हवा. कोमट पाणी बाजूच्या नळीतून घाल. झाकण उघडायचं नाही, काहीही झालं तरी. कोरडी हवा शिरली की आतला पापुद्रा पिलाला आवळून टाकतो. मागच्या खेपेला ह्यांनी मुद्दाम उघडलं आणि मला समोर बसवून बघायला लावलं.

मी कुठे आहे ते त्यांना सांगू नकोस. आणि आजी, मला सौ. लिहू नकोस. माया आहे तेवढीच असू दे, मला पुरते.

तुझी चिमणी

ता. २४

चि. चिमणीस, आजीचे चिवचिवाटासकट आशीर्वाद.

दहा पिलं आली. दोन नाही आली, पण दहा म्हणजे माझ्या तोंडातल्या दातांपेक्षा जास्त. दातांचं पुढे सांगते.

एकवीस तारखेला दुपारी तो आला. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. तू कुठे आहेस विचारलं, मी म्हटलं मला काय ठाऊक. मग त्याची नजर खोक्यावर गेली. हसला. म्हणाला, तांबडीची मान पिरगळली, हिचा हात मोडला, तरी हिची हौस फिटत नाही. अगदी मऊ आवाजात. आणि झाकणाला हात घातला.

आतून चोचीची टकटक येत होती गं. नळीत घालायच्या पाण्यासाठी किटली ठेवली होती, ती नेमकी उकळत होती. मी म्हटलं, झाकण सोड. तो म्हणाला, नाहीतर काय करशील, म्हातारे?

अख्खी किटली त्याच्या हातावर ओतली. उकडलेल्या टोमॅटोसारखी साल सुटली. त्याने माझे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं, दोन दात गेले. खाली पडल्या पडल्या हाताला इस्त्री लागली, ती त्याच्या नडगीवर घातली. हाड वाजलं. पुन्हा घातली. तो ओरडत दारातून सरपटत गेला, फरशीभर माझं रक्त नि त्याचं. उठून पाहिलं तर खोलीत वाफच वाफ, काटा बरोब्बर सत्तरवर आणि झाकण बंद.

पोलीस येऊन गेले. दवाखान्यात त्याने सांगितलं म्हणे, किटली घेऊन जिन्यावरून पडलो. म्हातारीने बडवलं म्हणायची लाज वाटली असेल. मीही तेच सांगितलं. हवालदारीणबाईंनी माझी सुजलेली हनुवटी पाहिली, मग जिना कुठे आहे म्हणून खोलीभर पाहिलं, आणि मुकाट्याने लिहून घेतलं.

त्या गेल्यावर आठवलं, पोरी, तुझ्या घरालाही जिना नाही. मला पहिल्याच पत्राला आठवायला हवं होतं.

एक पिलू तांबडं आहे. न्यायला ये. आल्यावर आजीवर रागव, पण ये.

तुझी आजी