अकरावं नाव

प्रिय सार्ज,

तुम्हाला मी याआधी कधी पत्र लिहिलेलं नाही. सहा वर्षं तुमच्या हाताखाली जे काही लिहिलं ते विमानाच्या दुरुस्तीवहीत, आणि तिथेही तुम्ही लाल पेनाने ‘शब्द कमी कर’ असा शेरा मारायचात. हे लांबणार आहे. कंटाळा आला तर तुमच्या सौभाग्यवतींना, आम्हा सगळ्यांच्या मिस ओडीलना, वाचायला द्या आणि तुम्ही फक्त शेवटचा परिच्छेद वाचा.

इथे ओक्लाहोमात वारा तसाच आहे. परवा ताशी पन्नास मैलांनी सुटला तेव्हा कुणाची तरी टोपी धावपट्टीवर गेली आणि ती सापडेपर्यंत दोन विमानं खोळंबली. तीन नंबर हँगरचं दार अजून अर्ध्यावर अडकतं. तुमच्या जागी आलेली सार्जंट चांगली आहे, पण कॉफी पाण्यासारखी करते. गंमत म्हणजे ज्या पोरांनी तुम्हाला कधी पाहिलं नाही तीसुद्धा तुमची नक्कल करतात. काल एक जण दुसऱ्याला म्हणत होता, “अरे, बोल्ट आहे तो, तुझी नवरी नाही. लाजतोस काय? पीळ!” मी वही भरत होते. मान वर केली नाही, पण हसले. हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

हवाई दलातली माझी दहा वर्षं येत्या तीस तारखेला पूर्ण होतात. गेले तीन आठवडे माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन कागद पडून होते. एक आणखी चार वर्षांच्या कराराचा. त्यावर सही केली की बोनस मिळतो, आणि कर वजा जाता त्यातून माझं बरंचसं कर्ज फिटतं. दुसरा कागद म्हणजे नोकरी सोडून न्यायालयात द्यायचा दिवाळखोरीचा अर्ज. कोणता तरी एकच. करारावर सही करायची शेवटची तारीख काल होती.

कर्ज आहे एवढं तुम्हाला माहीत आहे. ते कसं झालं हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून आता न विचारता सांगते. पाच वर्षांपूर्वी आपली तुकडी वाळवंटात निघाली तेव्हा व्यायामशाळेत टेबलं मांडली होती, आठवतं? पहिल्या टेबलावर लस, दुसऱ्यावर मृत्युपत्र, तिसऱ्यावर मुखत्यारपत्र. तिसऱ्या टेबलावरच्या कारकुनाने मान खाली ठेवूनच विचारलं, “कुलमुखत्यार की ठरावीक कामांपुरतं?” ठरावीक म्हटलं असतं तर कामांची यादी द्यावी लागली असती: घरभाडं, गाडीचा विमा, कराचा परतावा. याद्या करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण मागे चाळीस माणसं उभी होती आणि कुणीतरी म्हणालं, “बाई, नवराच आहे ना तो? की शेजारी?” सगळे हसले. मी म्हटलं, कुलमुखत्यार. एका बोल्टला किती जोर लावायचा हे मी आजवर कधी अंदाजाने ठरवलेलं नाही. लेलँडला मात्र त्या दिवशी मी माझी सही आठ महिन्यांसाठी मोजमाप न करता देऊन टाकली.

लेलँड वाईट माणूस नव्हता. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. त्याला वाळूत चालवायच्या चारचाकी मोटारसायकली भाड्याने द्यायचा धंदा काढायचा होता. माझ्या नावावर त्याने सहा मोटारसायकली घेतल्या, त्या ओढायला ट्रक घेतला, मग हप्ते भरायला कार्डं घेतली, आणि कार्डं भरायला तळाच्या फाटकासमोरच्या एका झटपट कर्जवाल्याकडे गेला. मला लिहायचा, “सगळं मजेत आहे राणी. तू तुझी विमानं बघ, घरचं मी बघतो.” मी विमानं बघितली. परत आले तेव्हा घराला दुसऱ्याचं कुलूप होतं आणि लेलँड ॲरिझोनात होता. घटस्फोट देताना न्यायाधीशबाई म्हणाल्या की त्यांना वाईट वाटतं, पण बँकेच्या दृष्टीने प्रत्येक सही माझीच आहे. बरोबर होतं ते. मुखत्यारपत्राचा अर्थच तो.

तेव्हाच दिवाळखोरीचा अर्ज का केला नाही असं वकिलानेही विचारलं. चौकशी लागेल, गोपनीय कामाची परवानगी जाईल, आणि मग विमानाऐवजी मला गोदामात चादरी मोजायला बसवतील, या भीतीने. म्हणून दर महिन्याला थोडंथोडं भरत राहिले. व्याज माझ्यापेक्षा जोरात धावत होतं. आकडे सांगत नाही. तुम्ही मिस ओडीलना सांगाल आणि त्या मला डबे पाठवायला लागतील.

त्या दिवसांत मी गाडीत राहत होते हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. तळावरच्या व्यायामशाळेत आंघोळ करायची, खाणावळीत जेवायचं, सगळ्यांच्या आधी कामावर हजर व्हायचं. मला वाटलं होतं, व्यवस्था चोख आहे. मग तुम्ही निवृत्त व्हायच्या आठवड्यात म्हणालात, “ओकरलंड, हा पाना तपासायला द्यायचाय, घेऊन जा,” आणि पान्याची पेटी माझ्या हातात दिलीत. वजनावरूनच कळलं की आत पाना नाही. पाकीट होतं, त्यात चार हजार दोनशे डॉलर. मी परत करायला तुमच्या घरी आले तर तुम्ही तुमचं बूट-पॉलिश सोडलं नाहीत. म्हणालात, “घराची अनामत भर. तुझ्या गाडीच्या मागच्या सीटवर इस्त्रीचा गणवेश लटकतो, तो बघून माझी पाठ दुखायला लागलीय.” मी पावती लिहून दिली. तारीख, रक्कम, सही, सगळं. तुम्ही ती चार घड्या करून मिस ओडीलच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलीत आणि म्हणालात, “बघ, पहिल्यांदाच तुझा एखादा कागद उपयोगी पडला.” पुढे टेबलाबरोबर ती पावतीही तुमच्या लुइझियानाच्या घरी गेली.

तुम्हाला आणखी एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती जवळजवळ दहा वर्षं जुनी आहे. मी एकोणीस वर्षांची होते, कामावर येऊन चार महिने झाले होते. कामाची पाळी संपताना मी हत्यारपेटी उघडली. काळ्या फोममध्ये प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खळगा, आणि त्यातला एक रिकामा. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा लांब दांड्याचा छोटा आरसा हरवला होता. विमान तासाभरात उडणार होतं. पुढचं तुम्हाला आठवत असेल. मी तुमच्याकडे येऊन सांगितलं, तुम्ही ओरडलात, “थांबवा सगळं! कोणी हलू नका, पंखसुद्धा नाही!” उड्डाण रद्द झालं, कर्नल स्वतः हँगरमध्ये आले, आणि चौदा माणसं गुडघ्यांवर बसून शोधत राहिली. आरसा पुढच्या चाकाच्या कप्प्यात सापडला, चाक वळवणाऱ्या तारेपासून वीतभर अंतरावर. मला वाटलं होतं, तुम्ही मला घरी पाठवाल. तुम्ही मला खाणावळीत नेऊन अंडी आणि बटाटे खायला घातलेत. म्हणालात, “हरवत नाही कोणाचं? माझा एक पाना तुर्कस्तानात राहिलाय, तो अजून पेन्शन खातोय. पण पेटी उघडी ठेवून ‘माझं एक कमी आहे’ म्हणायला छाती लागते, पोरी. ती तुझ्यात आहे.”

सार्ज, पेटी उघडी नव्हती. रिकामा खळगा दिसल्यावर मी झाकण लावलं होतं. आरसा छोटा आहे, प्लॅस्टिकचा दांडा आहे, कुठेतरी जाकिटात असेल, असं स्वतःला सांगत मी बंद पेटीपाशी चार मिनिटं उभी होते. समोर भिंतीवरचं घड्याळ होतं, म्हणून आकडा नक्की आहे. मग उघडली आणि तुमच्याकडे आले. ती शाबासकी मी दहा वर्षं वापरली. वाळवंटात वापरली, न्यायालयात वापरली. ती पूर्ण माझी नव्हती.

आता वकिलाबद्दल. श्री. पेट्राकिस, गावात कपडे धुवायच्या दुकानावर त्यांचं ऑफिस आहे. स्वतः पायदळात होते. खाली यंत्रं फिरायला लागली की त्यांचं टेबल थरथरतं आणि ते त्याला “गप रे” म्हणतात. त्यांनी अर्ज समोर ठेवला आणि म्हणाले, “ज्याचं ज्याचं देणं आहे, त्या प्रत्येकाचं नाव. बँकेपासून आईपर्यंत. खाली शपथेवर सही आहे.” मी दहा नावं लिहिली. त्यांनी मोजली. “एखादा मित्र? वरिष्ठ? कोणी हातात पाकीट ठेवलं? तुम्हा लोकांत कोणीतरी ठेवतंच.” मी म्हटलं, नाही.

घरी येऊन मी ठरवलं की करारावरच सही करायची. आणखी चार वर्षं. माझ्या डाव्या कानाला आता वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येत नाहीत, तपासणीत तो आलेख एका जागी दरीसारखा खाली जातो. दुलुथमध्ये, माझ्या गावी, हवाई रुग्णवाहिकांच्या कार्यशाळेत नोकरी ठरली आहे, ते थांबायला तयार नाहीत. पगार साधा आहे, जगण्यापुरता. मला तिथे जायचं आहे. तळ्याकाठी खोली बघितली आहे. हे सगळं सोडून मी चार वर्षं लिहून द्यायला निघाले होते, आणि कारण स्वतःलाही ‘जबाबदारी’ असं सांगत होते. करारावर नावाच्या पुढे हुद्दा लिहिताना पेन थांबलं. मला बँकेची लाज वाटत नव्हती. कर्जवाल्याची तर अजिबात नाही. पूर्ण यादीत फक्त एक खळगा रिकामा होता आणि मी त्यावर झाकण लावून उभी होते. त्या वेळी चार मिनिटं लागली होती. या वेळी तीन दिवस.

चौथ्या दिवशी सकाळी श्री. पेट्राकिसांकडे जाऊन सांगितलं, एक नाव राहिलं. त्यांनी चष्मा काढला. “आई?” नाही. “मग?” मी तुमचं नाव सांगितलं. मी विचारलं, हे एक देणं आधी चुकतं करून मग अर्ज केला तर? ते म्हणाले, “अर्जाच्या आधीच्या नव्वद दिवसांत त्यांना दिलंत, तर न्यायालयाचा माणूस ते पैसे परत मागायला त्यांच्याच दारात जाईल. चालेल?” चालणार नव्हतं. तुम्ही त्याला वाटीभर गंबो रस्सा खायला बसवलं असतंत आणि मिस ओडीलनी डबा बांधून दिला असता, पण तरी चालणार नव्हतं. मग त्यांनी पुरावा आहे का विचारलं. मी म्हटलं, आहे, लुइझियानात एका टेबलाच्या पायाखाली. त्यांनी तसंच्या तसं लिहून घेतलं. मला वाटतं, ते थोडे हसले.

काल दुपारी मी अर्जावर सही केली आणि करार कोरा परत दिला. म्हणून हे पत्र, सार्ज. दोन-तीन आठवड्यांत तुमच्याकडे न्यायालयाचं एक पाकीट येईल. आत माझं नाव मोठ्या अक्षरांत असेल, आणि धनकोंच्या यादीत अकरावं नाव अल्सीड तिबोडो. घाबरू नका आणि वकील करू नका. त्या कागदाचा अर्थ असा, की कायद्याने तुम्ही आता माझ्याकडे एक डॉलरही मागू शकत नाही. तुम्ही कधी मागितलाही नव्हता. पाकीट उघडताना हे दुसऱ्या कुणाच्या शब्दांत तुम्हाला कळू नये, एवढीच माझी धडपड. श्री. पेट्राकिसांना मी आणखी एक प्रश्न विचारला आणि उत्तर दोनदा वदवून घेतलं: निकालानंतर कोणी आपणहून दिलं, तर कायदा त्याला अडवत नाही. दुलुथचा पहिला पगार ऑगस्टमध्ये आहे, आणि निकालही तोवर लागेल. सप्टेंबरपासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला शंभर डॉलर येतील, साडेतीन वर्षं. नको म्हणू नका, आणि मध्येच डबे पाठवून हिशोब बिघडवू नका. तुमच्या बोटीच्या इंजिनाचं काम वेगळं, ते मी नाताळात येऊन करीन. आणि ती पावती टेबलाखालून काढू नका. शेवटचे शंभर घेऊन मी स्वतः येईन, तेव्हा पायाखाली काहीतरी दुसरं ठेवू.

तुमचीच,
मॅरिट ओकरलंड