सही त्यांची, हप्ता माझा

मंगळवार, १६ एप्रिल

आज दोनच हप्ते भरले! तिसरा वसुलीवाल्या भूषण साहेबाने स्वतःच्या खिशातून टाकला. म्हणाला, ताई, दोन दिवसांत द्या, मलाही वर हिशोब द्यावा लागतो. पारोळ्याहून मोटरसायकलवर येतो बिचारा, त्याचा पगार तो किती. त्याचं उसनं घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. पण घेतलं. न घेऊन काय करणार होते?

डोकं जागेवर राहावं म्हणून एकदा नीट लिहूनच काढते. फायनान्सचं कर्ज बाईच्या नावावर मिळतं, नवऱ्याची सही लागते. माझे घरधनी अभिमन आजारी पडले, आठवड्यातून दोनदा धुळ्याला डायलिसिस. माझ्या एकटीच्या कर्जात दवाखाना भागेना. मग गटातल्या तिघींनी — मंदाबाई, भिकुबाई, शेजारची मेहरुन — आपापल्या नावावर कर्ज उचललं आणि पैसा माझ्या हातात दिला. असं सगळ्याच गटांत चालतं. ज्याने पैसा वापरला त्याने हप्ता भरायचा, कागद कुणाच्या का नावाचा असेना. मेहरुनचे नासीरभाई तर कशासाठी एवढंही विचारायला थांबले नाहीत. तिने बोट ठेवलं तिथे सही केली न् कूलर दुरुस्तीला निघून गेले.

मग दिवाळीच्या तोंडावर अभिमन गेले. कर्ज देतानाच विम्याचे पैसे कापून घेतात — नवरा-बायकोतलं कुणी गेलं तर राहिलेलं माफ. माझ्या नावचं झालं माफ. बाकी तिन्ही चालू! त्यांचे नवरे धडधाकट आहेत, देव त्यांना शंभर वर्षं देवो, मग ती कशी माफ होतील? हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. अभिमन बरे होतील असंच धरून चाललो होतो सगळे.

आता कागदावर माझ्या नावे एका रुपयाचंही कर्ज नाही. आणि दर मंगळवारी तीन हप्ते.

बुधवार, १७ एप्रिल

भूषण साहेबाचे पैसे दिले. गॅस संपला. चूल पेटवली.

रविवार, २१ एप्रिल

लीलाधरचा पिंपळनेरहून फोन. धाकटा भाऊ, पण बोलतो थोरल्यासारखं. किराणा दुकानामागची खोली रिकामी केली म्हणे. आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात बाई हवी आहे, शब्द टाकून ठेवलाय. माझ्या पोरीची, हर्षालीची दहावी तिथेच होईल. मी हप्त्यांचं बोलले तर चिडलाच.

"अक्का, कागदवर तुनं नाव शे का? नही ना? मंग कसानं कर्ज?"

त्याला काय सांगू? वकिलालाही विचारून आलाय. वकील म्हणतो, कोर्टात उभं केलं तरी तुमच्या बहिणीला कुणी हात लावू शकत नाही. हात लावायला मेहरुन कशाला कोर्टात जाईल? ती दाराशी येऊन नुसती उभी राहिली तरी माझा जीव जाईल.

मंगळवार, २३ एप्रिल

आज नको तेच झालं. हातात एकच हप्ता होता. नियम असा की शेवटच्या बाईचा हप्ता पडेपर्यंत कुणी उठायचं नाही. मंदाबाईच्या ओट्यावर दहाही जणी बसून राहिलो. ऊन पायावर आलं. एकीचं तान्हं घरी रडत होतं, तिचा पदर ओला झालेला, तरी ती बसून. भूषण साहेब मान खाली घालून मोबाईल बघत होता. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. मी आपली पिशवीत हात घालून शोधल्यासारखं करत होते. कुणाला दाखवत होते देव जाणे!

शेवटी मंदाबाईचा तोल गेला. वाईट नाही ती बाई. अभिमनच्या तेराव्याला तिनेच सगळी भांडी घासली होती.

"सही मनी शे, दिपा. तुनी नही. तू उठीसन निंघी जाशी, मी कोठे जासू?"

भिकुबाईने कनवटीची गाठ सोडली. मार्केटातून उद्याची भाजी उचलायचे पैसे होते ते. माझ्या ओटीत टाकले न् म्हणाली, "घे माय. उद्यानं उद्या देखसूत."

मी घेतले. लाज वाटली, तरी घेतले. मेहरुनने उरलेले टाकले आणि घरापर्यंत माझा दंड धरून चालली. तिने एखादा बोल लावला असता तर बरं वाटलं असतं.

गुरुवार, २५ एप्रिल

हर्षालीशी भांडण. क्लासवाले दहावीची फी जूनच्या आत मागतात. मी म्हटलं, बघू. तर म्हणाली, तू सगळ्यांचं बघतेस, माझंच 'बघू' असतं. मामाने तिला सगळं सांगितलंय.

"आपण घेतलंच नाही कागदावर, तर आपण का भरतो? मेहरुन मावशीच्या सहीची तुला काळजी. माझी नाही."

मी हात उगारला. मारलं नाही. पण उगारला. अभिमन असताना या घरात पोरीवर कधी हात उगारला गेला नव्हता. ती जेवली नाही, मग मीही नाही. पोरगी चूक बोलली असती तर निदान रागवता आलं असतं.

मंगळवार, ३० एप्रिल

मिक्सर विकला. मंगळवार निभावला. आता चटणी पाट्यावर. हर्षाली म्हणते पाट्यावरच्या चटणीला चव असते. खोटं बोलते माझी पोर.

सोमवार, ६ मे

ठरलं. आखाजी.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, खान्देशातली प्रत्येक लेक माहेरी जाते. दोन पिशव्या घेऊन, पोरीचं बोट धरून एसटीत बसलेल्या बाईला कुणी विचारत नाही कुठे चाललीस, उलट म्हणतात लवकर जा, झोका मोकळा मिळेल. जायचं आणि परत यायचं नाही. एवढंच.

आखाजीच्या मांड्यांची कामं भरपूर आली आहेत. खापरावर मांडे करणारी बाई आता आमच्या गल्लीत मी एकटीच, नव्या सुनांना हातावर पोळी फिरवायला जमत नाही. त्या दिवसाच्या पैशात दोन मंगळवार तरी सहज निघतील. आणि तेच पैसे घेऊन मी जाणार.

मी काय लिहितेय ते मला कळतंय. चोर आहे मी! पण मंगळवार आला की डबे-पिशव्या उपसत बसते, हे मरेपर्यंत चालणार का? माझं वय चौतीस. मला एकदा धडधड न होता उठायचंय.

शुक्रवार, १० मे, आखाजी

पहाटेपासून खापर. दोन्ही कोपरांपर्यंत भाजले आहेत हात. मेहरुन न बोलावता आली, चुलीला लाकडं सारत बसली, पुरण वाटून दिलं, धुराने डोळे लाल करून घेतले. जाताना तिच्या लेकीसाठी, रूहीसाठी फक्त चार मांडे नेले. मी जास्तीचे देत होते तर म्हणाली, ते विक.

पैसे कमरेला बांधलेत. तिच्याकडे दिवसभर पाहू शकले नाही.

शनिवार, ११ मे

पिंपळनेर. पोचलो.

पण निघताना अमळनेरच्या स्टँडवर नासीरभाई भेटले! सायकलला कूलरची मोटर बांधलेली, गळ्यात ओला पंचा. मला वाटलं, संपलं. ते आपले हसून म्हणाले, भाभी, माहेरी ना? बरं केलं, राहा चार दिवस. हर्षालीला उसाचा रस पाजला. मग म्हणाले चावी द्या.

"तुमच्या कूलरचं गवत सडलंय. याल तोवर घर थंड करून ठेवतो."

दिली चावी. ज्या घरी परत जायचं नाही त्याची चावी जवळ ठेवून तरी काय करणार? भाड्याचं घर, आत उरलंय ते खापर, तो जुना कूलर न् दोन पातेली. बस धुळ्याला पोचेपर्यंत हर्षाली खिडकीबाहेर बघत होती. हवं होतं तेच तर झालं होतं तिचं!

सोमवार, १३ मे

झोप लागली. भावजयीने उठवलं नाही. अंगणात लिंबाला झोका आहे, गल्लीतल्या पोरी गाणी म्हणतात. आश्रमशाळेत भेटून आले, जूनपासून या म्हणाले. सगळं कसं अगदी सरळ! लीलाधर म्हणतो, बघ, मी सांगत नव्हतो?

मंगळवार, १४ मे

अकरा वाजले. बारा. एक. कुणाचाच फोन नाही. मंदाबाईचाही नाही. शिव्या तरी द्यायच्या! ओट्यावर अजून बसल्या असतील का सगळ्या? त्या तान्ह्या बाळाची आई?

भावजयीने आमरस केला होता. माझी वाटी हर्षालीपुढे सरकवली.

गुरुवार, १६ मे

हर्षाली रूहीशी फोनवर बोलली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मंगळवारी तिन्ही हप्ते मेहरुनने भरले. कानातले झुमके सोनाराकडे गहाण टाकले. आणि सगळ्यांना सांगितलं, दिपमालाने माहेराहून पाठवले पैसे.

म्हणजे तिला कळलं होतं. आखाजीच्याच दिवशी, चुलीपाशी बसलेली असतानाच कळलं असणार. माझं मन तिच्याइतकं कोण ओळखतं? आणि तरी माझी लाज झाकली.

रूही म्हणत होती, अब्बा आता दुपारीही कामाला जातात. एरवी बारा ते चार ते पत्र्यावर चढत नसत. बकरी ईदच्या आत झुमके सोडवायचे आहेत.

मी रडत बसले. हर्षालीने काही न विचारता दोन्ही पिशव्या भरल्या.

शुक्रवार, १७ मे

परत अमळनेर. लीलाधर एसटीपर्यंत आला, पिशव्या चढवल्या न् बस निघायच्या आतच वळला. त्याचंही बरोबर आहे.

घर उघडलं तर कूलरला नवं गवत, टाकी भरलेली. मेहरुन आली, पिंपळनेरला गार होतं का गं, एवढंच विचारलं. मी कमरेचे पैसे काढले, तिच्या हातावर ठेवले, झुमके सोडव म्हटलं. पाया पडायला वाकले तर मागे सरकली.

"हे पुढच्या मंगळवारला लागतील, दिपा. झुमके ते सोडवतील. कूलरचा सीझन आहे."

पैसे माझ्याच मुठीत परत कोंबले. मी फार ताणलं नाही. ताणायला हवं होतं का? पण मंगळवार चार दिवसांवर आहे आणि मला सुटल्यासारखं झालं, हेही खरं आहे.

मंगळवार, २१ मे

तिन्ही भरले! सगळ्यांत आधी भरले! मंदाबाईने चहा पाजला, माहेरचं विचारलं. भिकुबाईचे भाजीचे पैसे थोडे दिले. तिने मोजलेसुद्धा नाहीत.

येताना बाजारातल्या एका दुकानाच्या पत्र्यावर नासीरभाई दिसले. रस्त्यावर चिटपाखरू नाही, डांबर चपलेला चिकटत होतं. मी खालून ओरडले, उतरा हो, ऊन बघा. त्यांनी वरून पंचा हलवला. "भाभी, वर्षाचा पैसा सध्या पत्र्यावरच पडलेला असतो. उचलून आणतो न् येतो."

शुक्रवार, २४ मे

नासीरभाई गेले. काल दुपारी पत्र्यावरच कोसळले. ऊन लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

मेहरुन बायकांच्या मधे बसली होती, डोळे कोरडे. मला पाहिल्यावर जवळ ओढलं. मला वाटलं आता रडेल. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "दिपा, आता माझ्या नावचा हप्ता नको भरू. तुझ्यासारखंच माझंही माफ होईल ना?"

मी हो म्हटलं. तिला वाटलं तिनेच मला सांगितलं. घरून निघताना, चपला घालतानाच, तो हप्ता मी मनात वजा केला होता.