जाळीतलं धान

॥ श्री ॥
कोंढा,
२२ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप खेमराजदादांस,
मुरारीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून सांगता येत नाही, म्हणून हा कागद. बाबांचं वर्षश्राद्ध आटोपलं. ते असेपर्यंत गोठ्यामागच्या चेनच्या ट्रॅक्टरला कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम होता. आता मीच लावला. बोडीच्या तळ्यातला गाळ काढायला कामी येईल, असं घरी सांगितलं आहे. खरं कारण वेगळं. बत्तीस वर्षांपूर्वी तो चालता चालता का अडकला, हे मला पाहायचं आहे. बाबा म्हणत की तुम्ही तेल न घालता चालू केला. तुम्ही म्हणालात, घातलं. तेव्हा मी आंधळगावला मामाकडे होतो. परत आलो तर घरात तुमची पेटी नव्हती.

पवनीचा फिटर धम्मदीप सोबतीला आहे. हेड उतरवलं, पिस्टन शाबूत आहेत. क्रँक मात्र जागचा हलत नाही. खालचं चेंबर उघडण्याआधी तुम्हाला विचारावंसं वाटलं. आई बरी आहे. आमच्याजवळ खाट टाकून बसते आणि म्हणते, त्याले उठवा आता, लय झोपला.

कळावे. दूर असलात तरी माया आटू देऊ नये.
आपला,
मुरारी


चंद्रपूर,
३० सप्टेंबर २०२५

चि. मुरारीस अनेक आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचलं. लहानपणी त्या मशीनसमोर डोळे मिटून हात जोडायचास, आता त्याचंच पोट फाडायला निघालास! फाड. पण बेरिंगच्या टोप्या काढताना प्रत्येकीवर पंचाने खूण कर. जिची जागा तिथेच ती बसली पाहिजे, नाहीतर क्रँक पुन्हा धरेल.

चेंबरात भरपूर तेल निघालं तरी त्याने काही ठरत नाही. बंद पडल्यावर मागाहून ओतलंस, असं बाबा मला म्हणालेच होते. डबा उपडा करणारे माझे हात मला अजून दिसतात. पण एकच गोष्ट इतकी वर्षं आठवत राहिली की तिच्यावरचा भरवसा जातो. कधी वाटतं, बाबाच खरे असतील. त्यानंतर मी इंजिनाला हात लावला नाही, कारखान्याच्या फाटकावर पहारा केला.

तेल ओढणाऱ्या पंपाच्या तोंडाशी एक जाळी असते. ती पाहा आणि दिसेल ते लिही, माझ्या बाजूचं नसलं तरी. घरी येण्याचं विचारू नको.

आईला नमस्कार. तू माझा आहेस, तसाच राहा.
खेमराज


॥ श्री ॥
कोंढा,
९ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप दादांस,
मुरारीचा शि. सा. न. वि. वि.

दादा, जाळीत धान होतं. टरफलासकट, तेलात काळं झालेलं, ओंजळभर. असं गच्च बसलं होतं की तेलाला वर चढायला वाटच नव्हती. धम्मदीप म्हणाला, काका, हे मशीन डिझलवर चालत होतं का भातावर? मलाही हसू आलं. उंदराचं काम असेल म्हटलं. पण तेल भरायच्या टोपणाखेरीज आत जायला दुसरी वाट नाही.

आई खाटेवर होती. चार दाणे तिच्या हातावर ठेवले, तर म्हणाली, हे त मीच भरवलं होतं. नव्या धानाचा सण होता, बैलांले पहिलं धान दिलं, मग यानं कायले उपाशी राहावं? खेमराज टोपण उघडून तेल आणाले गेला होता, तोंड उघडंच होतं. मग तो आला, मी डबा धरला अन् त्यानं ओतला.

मी विचारलं, तेल ओतल्याचं बाबांना का नाही सांगितलं? म्हणाली, सांगितलं ना बापा. तुह्या बापानं म्हटलं, तुले मशिनीतलं काय समजते. धानाचं त कोणी विचारलंच नाही.

देवघरात जाऊन बसलो. हात जोडले, काय मागावं ते सुचेना. तुम्ही तेल घातलं होतं, दादा. मी हे चावडीवर सांगू शकतो. पण मग इंजिन कशाने गेलं, आणि तुम्ही कशाने गेलात, हे आईला कळेल. तुम्ही म्हणाल तसं करीन.

क्रँक घासून आणला, नवे बेरिंग टाकले, टोप्या खुणेप्रमाणे बसवल्या. आता एका हाताने फिरतो. हेडही चढवलं. फक्त हँडल मारायचं उरलं आहे. आई यंदाच्या लवकर निघालेल्या हलक्या धानाची ओंजळ राखून बसली आहे. पुन्हा भरवीन म्हणते.

उत्तराची वाट पाहतो. कृपा आहे, ती राहावी.
आपला,
मुरारी


चंद्रपूर,
१४ ऑक्टोबर २०२५

चि. मुरारीस अनेक आशीर्वाद.

चावडीवर काही सांगू नको. तू पाहिलंस, मला लिहिलंस, मला पोचलं. आईला तर मुळीच कळू देऊ नको. तिने त्याला घरचा समजून भरवलं. आम्ही दोघं बापलेक तेलावरच भांडत राहिलो.

पण ओंजळ आत जाता कामा नये. रेडिएटरपुढे पत्र्याची एक वाटी वेल्ड करायला धम्मदीपला सांग. आईला म्हणावं, नवीन काम करताना त्याचं तोंड समोर घेतलं.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी सकाळच्या एसटीने पवनीला उतरतो. हँडल मीच मारीन. तोवर टोपण आवळून ठेव आणि तेलाचा नवा डबा फोडू नको. तेल मी ओतीन. डबा आईला धरू दे.

बाकी भेटीत. तुम्हा सगळ्यांवर देवाची छाया असो.
तुझा दादा,
खेमराज