माशांना कोण चारतं

मोंबासा, ८ जून

प्रिय मबारक,

तुला सलाम आणि पुष्कळ आठवण. इकडे सगळे ठीक. दक्षिणेचा वारा सुरू झालाय, होड्या बहुतेक किनाऱ्यालाच असतात आणि मासळी महाग. शेजारच्या रुकियाच्या थोरलीचं लग्न ठरलं. मुलगा मालिंदीचा, दिसायला बरा, बोलायला जरा जास्तच.

तुझ्या माशांच्या काचपेटीबद्दल लिहायला बसले. फोनवर तुझा आवाज आला की "सगळं छान आहे" म्हणून मी मोकळी होते. सगळं छान नाही. खडकांवर हिरवे केस उगवलेत. उपटले तरी पुन्हा तेवढेच. जांभळं प्रवाळ चहासारखं तपकिरी पडलंय. तू ठेवून गेलेल्या बाटलीतले थेंब घालून नायट्रेट तपासलं, तर नळीतलं पाणी डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल झालं. तू म्हणायचास, फिकट गुलाबी चालेल, लाल नको.

मी सकाळी एकदा, चिमूटभरच खाणं घालते. शपथेवर सांगते.

तुझे बाबा बरे आहेत. दुपारी पेटीसमोर खुर्ची टाकून बसतात. तुमचं दोघांचं बोलणं बंद आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

तुझी आई,
झुहुरा


मोंबासा, १ जुलै

लाडक्या मुला,

हॅम्बुर्गहून आलेल्या तुझ्या मित्राने पत्र आणि पार्सल घरी आणून दिलं. त्याला नारळाच्या दुधातली तूर खाऊ घातली, दोनदा मागून जेवला.

तू लिहिलंस तसं केलं. गाळणीतला स्पंज काढून टाकला. घाण त्यात अडकते खरी, पण तिथेच कुजते, हे मला लगेच पटलं. मोरीच्या जाळीचंही तेच असतं. पार्सलमधलं फेस काढणारं यंत्र पेटीच्या मागच्या कप्प्यात बसवलं. दिवसभर त्यात बारीक बुडबुडे उठतात आणि वरच्या वाटीत काळपट पाणी साचतं. वास विचारू नकोस. पाणी बदलायला बंदराकडचं पाणी घेत नाही, न्यालीच्या किनाऱ्यापलीकडून भरतीच्या वेळचं आणते. पाणी गरम ठेवायला कोणता हीटर घ्यावा हेही तू लिहिलंयस. बाळा, थंडीत राहून तू इकडचं ऊन विसरलास. इथे पाणी गार कसं ठेवायचं हाच प्रश्न. वर पंखा लावलाय.

नळीतलं लाल उतरून गुलाबी झालं, मला हायसं वाटलं. मग परत लाल.

तू विचारतोस, दुसरं कोणी खाणं घालतं का? पेटी लहान, पाणी थोडं, त्यात जास्तीची चिमूट लपत नाही, असं तू म्हणतोस. रुकियाची मुलं येतात, पण हात लावत नाहीत. त्यांच्यावर संशय घेऊ नकोस.

याहून मोठं यंत्र मिळतं का? आधी कारण शोधावं, यंत्र नंतर, हे कळतं मला. तरी विचारलं तेवढं सांग.

दुपारी पेटीचा निळा उजेड भिंतीवर हलत असतो. दारं लोटली की घर संथपणे तरंगायला लागतं. मीही तुझ्या बाबांशेजारी बसते आणि भांडी तशीच राहतात. रुकिया म्हणते, "नवऱ्याला मासळी चारायची सोडून मासळीच्या राखणीला नवरा बसवलास."

तुझी आई


मोंबासा, २० जुलै

मबारक,

"आई, तू काहीतरी लपवतेस. खाण्याच्या डब्याला कुलूप लाव." तुझं हे वाक्य वाचलं आणि पत्र मिटून ठेवलं. आज उत्तर लिहिते.

माशांना तुझे बाबा चारतात. चारतात, विसरतात आणि पुन्हा चारतात.

मी म्हणते, "अहो, आत्ताच घातलंत ना."

"कधी? बघ तरी, तोंडं उघडतायत बिचारे."

उभा जन्म ताऱ्यांवर नजर ठेवून ज्यांनी होडी घरी आणली, ते रमजानच्या आधी मशिदीतून येताना गल्ली चुकले. पिठाच्या गिरणीवाल्याने हात धरून घरी आणलं. तेव्हापासून उतारच आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, जाण्याचा वेग तेवढा कमी करता येईल. तुला कळवलं नाही. तू निघालास तेव्हा ते तुला म्हणाले होते, "दारात समुद्र असताना डबक्यात काय बघतोस?" आणि तू खाली मान घालून निघून गेलास. दया येऊन तू परतावंस, हे त्यांना आवडलं नसतं. मला तरी तसं वाटलं.

आता ते डबकं त्यांना होडीची खिडकी वाटते.

"झुहुरा, कुठे आलो आपण?"

पहिल्यांदा मी सांगितलं, "घरी आहात." ते इतके घाबरले की उठून दार चाचपायला लागले. आता मी म्हणते, "लामू बेट जवळ आलं."

"वारा?"

"पाठीमागून आहे."

"मग ठीक," म्हणतात आणि खुर्चीत रेलतात. इतक्या वर्षांत त्यांनी मला होडीत पाऊल ठेवू दिलं नाही. आता रोज दुपारी घेऊन जातात. मी कधी न पाहिलेली बेटं ते बोट दाखवून सांगतात, आणि निळ्या उजेडात बघत राहिलं की मलाही ती दिसतात.

कुलूप लावून पाहिलं. त्या दुपारी ते काचेसमोर उभे राहिले आणि रिकामी चिमूट पाण्यावर चोळत राहिले. मासे वर आले, खाली गेले. मी कुलूप काढलं.

तेव्हा कारण काढता येणार नाही. यंत्रच या घराला शोभेल असं निवड. फेस काढणारं ते यंत्र याहून मोठं पाठव. मागच्या कप्प्यात दिवा लावून समुद्री शेवाळ वाढवायचं तू सांगितलं होतंस ना, तेही करते. पाण्यातलं जास्तीचं ते खाईल. त्यांच्या डब्यात थोडंच खाणं ठेवीन. नाजूक प्रवाळ दुकानदाराला देऊन टाकते. मऊ, सोशिक तेवढं ठेवू.

काल त्यांनी विचारलं, "पोरगा कुठाय?"

मी म्हटलं, "पुढे, होडीच्या नाळेवर आहे."

"झोपलाय?"

"नाही, पाणी बघतोय."

"बघू दे. त्याला त्यातलं कळतं," म्हणाले.

तू ये. ते तुला ओळखतील असं वचन मी देत नाही. तरी ये.

पत्र संपवताना त्यांच्या हाती पेन दिलं आणि म्हटलं, "मुलाला लिहिलंय, खाली सही करा." त्यांनी कागद जवळ ओढला. मग स्वतःचं नाव लिहायचं सोडून हे लिहिलं. अक्षर हललंय, पण त्यांचंच आहे.

मबारक