चोवीस तासांचा कॅन

२७ जुलै, रवि.
आज सु.चा कॅन. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, नंतरची उद्या सकाळपर्यंतची सगळी ह्या पांढऱ्या कॅनमध्ये. थेंब बाहेर जाता कामा नये. कॅन फ्रिजमध्ये. आईने दुधाचं पातेलं काढून ओट्यावर ठेवलं, दिवसभर तोंड वाकडं. म्हटलं, सुनेचीच आहे, शेजारणीची नाही. सु. हसली. स्टेरॉइडने गाल इतके सुजलेत की बायको हसली की डोळेच दिसत नाहीत.

आयजीए म्हणजे काय ते मला अजून धड सांगता येत नाही. एवढं कळतं की तिची किडनी हळूहळू खराब होतेय. स्टेरॉइडचा कोर्स संपला. आता लघवीतून जाणारं प्रोटीन किती उतरलं त्यावरून डॉक्टर मॅडम सांगणार, किडनी पुढे कितपत साथ देईल. उतरलं तरच मुलाचा विचार, म्हणाल्या. सु.ने बहुतेक तेवढंच ऐकलं.

३० जुलै
उतरलं!! जवळजवळ नॉर्मल. लॅबचा मेसेज आला तेव्हा मशीनवर होतो. सुपरवायझर म्हणतो, "क्या हुआ, लॉटरी लगी क्या?" अख्ख्या अंबरनाथला ओरडून सांगावंसं वाटलं. आईने शेवयांची खीर केली. सु.ने वाटी तशीच ठेवली. पोट भरलंय म्हणे.

२ ऑगस्ट, शनि.
उल्हासनगरच्या मार्केटमध्ये झबलं घेतलं, पिवळं. सु. म्हणत होती, आधी घ्यायचं नसतं, चला. मी कसला ऐकतो. दुकानदार सिंधी काका, म्हणाले, "ले जाओ भाभी, पहला है ना?" आणि ही भर दुकानात रडायला लागली. आनंदानेच, दुसरं काय.

४ ऑगस्ट, सोम.
मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला.
"कॅन पूर्ण होता?"
"हो मॅडम," मीच बोललो.
"मग दिवसभरात अंगातून जेवढा कचरा बाहेर पडतो, त्याच्या निम्माही यात नाही. असं कसं?"
सु. फरशीकडे बघत म्हणाली, "दुपारी मी ओतून दिलं. मुद्दाम."

मॅडम रागावल्या नाहीत. मीच बाहेर येऊन भडकलो. लोक बघत होते. अक्कल गहाण ठेवलीस का, कोणाला फसवतेस, काय काय बोललो. ती म्हणाली, "अहो, एकदा तरी चांगला रिपोर्ट हातात घ्यायचा होता मला." मग अगदी हळू, "किडनी जायची तेव्हा जाईल. मला आई व्हायचंय."
बदलापूर येईपर्यंत लोकलच्या दारात तिच्याकडे पाठ करून उभा होतो. फार वाईट वागलो आज.

७ ऑगस्ट
कंपनीतून मॅडमना फोन केला. जुन्या रिपोर्टवरून तरी अंदाज सांगा म्हटलं. म्हणाल्या, "अंदाज कॉम्प्युटर काढतो, तो हिच्यासारख्या पुष्कळ पेशंटचं मिळून सांगतो. हिचं एकटीचं नाही सांगत. आणि आधी मला खरा आकडा लागेल."
मला तर हिचं एकटीचंच पाहिजे. बाकीच्यांचं घेऊन मी काय करू?

१० ऑगस्ट, रवि.
परत कॅन. बुद्धविहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन, सु.ला चुकवायचं नव्हतं. बर्फाच्या पिशवीत कॅन घेऊन गेली. घरीच थांब म्हटलं तर, "आता लपवायचं नाही."
बायकांनी विचारलंच, पिशवीत काय गं? खीर का?
"माझी लघवी आहे, ताई. किडनीच्या टेस्टची."
मग शेजारच्या मावशी सरकल्या, पिशवी स्वतःच्या पायाशी घेतली, म्हणाल्या, "बस. मी बघते, कोणाचा पाय लागणार नाही." मी दारात उभा होतो. बाहेर जाऊन चपला नीट लावत बसलो.

११ ऑगस्ट, सोम.
सकाळी सु.ने शेवटचं भरलं आणि परत आडवी झाली. लॅबला मीच निघालो. कॅन जड. मागच्या वेळी किती हलका होता, तेव्हा लक्षात कसं आलं नाही?

बाथरूमपाशी थांबलो. थोडंसं गेलं तर काय, कोणाला कळतंय. झाकणावर हात होता. खरंच होता.
आई ओट्यावरून, "काय रे, उभा का?"
"काही नाही."
झाकण आणखी घट्ट केलं.

लॅबमधली मुलगी म्हणाली, "पूर्ण आहे ना?" हो म्हटलं. रिपोर्ट बुधवारी.

घरी आलो तर सु. कपाट आवरत होती. झबलं परत करून येऊ का, विचारलं. म्हणाली, "राहू दे. बुधवारपर्यंत तरी राहू दे."